न भांडता केलेला चहा

तिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची. बेकरीवाला म्हणायचा, शेजारचा शिंपी म्हणायचा, आणि शिंप्याची म्हातारी आई, जिला ती नातीसारखी, तीही म्हणायची. एकदा तर सासरे दुकानात बसल्या बसल्या पेंगत होते, गिऱ्हाइकानं विचारलं काचा झाल्या का, तर डोळे न उघडता म्हणाले, "वहिनींना विचारा." त्यानंतर घरात कितीतरी दिवस हसू मावत नव्हतं. एकटे सासरे तेवढे गंभीर.

दुकान चष्म्यांचं. पुढच्या खोलीत चष्मेवाले, म्हणजे वहिनीचा नवरा, नंबर काढायचे. गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवायची, तिच्यात एकेक भिंग सरकवायचं आणि "हे बरं का मघाचं बरं" असं विचारत राहायचं. मागल्या खोलीत वहिनीचं राज्य. तिथे पाण्याच्या धारेखाली फिरणाऱ्या चाकावर काच धरून ती फ्रेमच्या मापाची करायची. लग्न होऊन आली तेव्हा तिला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सासऱ्यांनी हातात दिलेली पहिली काच तिनं जीव खाऊन चाकावर दाबली आणि तिचे दोन तुकडे केले. सासरे म्हणाले, "असू दे. एकाच्या दोन झाल्या, धंदा वाढला." त्या एका वाक्यावर वहिनीनं त्यांना जन्मभराच्या सगळ्या कुरकुरी माफ करून टाकल्या.

तिला खरा नाद होता तो शब्द मोडायचा. लहानपणापासूनचा. कुठेही पाटी दिसली की तिच्यातली अक्षरं तिच्यासमोर उठून जागा बदलायला लागायची, थांबा आला की बसमधली माणसं बदलतात तशी. 'दुकान' दिसलं की तिच्या डोक्यात 'नदुका' व्हायचं, आणि कुणी 'नदुका' लिहून दिलं तर तिला 'दुकान'च दिसायचं. शाळेत यापायी तिनं पुष्कळ मार खाल्ला. पुढे स्थळ बघायला चष्मेवाले आले तेव्हा काय विचारावं ते न सुचून त्यांनी छंद विचारला. ती म्हणाली, "शब्द मोडते." त्यांनी खिशातल्या बसच्या तिकिटामागे तीन अक्षरं उलटीसुलटी लिहिली. पेन उचलायच्या आत उत्तर आलं. दुसरं लिहिलं, तेही गेलं. तिसऱ्याला चष्मेवाले म्हणाले, मला मुलगी पसंत आहे. ती म्हणाली, आधी माझं एक सोडवून दाखवा. ते सोडवेपर्यंत त्यांच्यापुढचा चहा गार झाला, पण सोडवलं. आईला ती नंतर म्हणाली, हुशार नाहीत फार, पण सोडत नाहीत.

तेव्हापासून घरात रिवाज पडला. जेवताना एकानं दुसऱ्याला एक मोडका शब्द लिहून द्यायचा. ज्याला सुटणार नाही त्यानं सकाळचा चहा करायचा. नियम पुष्कळ होते आणि प्रत्येक नियमाच्या पोटात एक भांडण होतं. अक्षराचा काना-मात्रा अक्षराबरोबरच जाईल, हा नियम 'नवरा' या शब्दातून वहिनीनं 'वानर' काढला त्या रात्री झाला. दोन शब्द जोडून एक करायचे नाहीत, हा नियम चष्मेवाल्यांनी तिला सात अक्षरांचा एक राक्षस दिला त्यानंतरचा. सकाळी जो चहा करायचा तो करता करता कालचा निकाल कसा अन्यायाचा होता हे भांडी आपटत सांगायचा आणि दुसरा अंथरुणातून त्याला उत्तरं द्यायचा. गल्लीला घड्याळ लावायची गरज नव्हती. यांचं भांडण ऐकू आलं की बेकरीवाला भट्टीतून पाव काढायचा.

हा नाद चष्मेवाल्यांनी भिंतीवरही आणला होता. नजर तपासायच्या तक्त्यावर त्यांनी साधे शब्द लिहिलेच नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की साधा शब्द असला की हुशार माणूस पहिली दोन अक्षरं बघून बाकीचं अंदाजानं ठोकून देतो. म्हणून त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी मोडक्या शब्दांचा तक्ता रंगवला. वरती मोठ्या अक्षरांत 'लकम', त्याखाली 'टकपा', मग 'जावारद' आणि सर्वांत खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'टगबोआ'. कल्पना नामी होती. पण गिऱ्हाइकं ताटकळत बसायची, बसल्या बसल्या शब्द सोडवायची. 'टकपा' म्हणजे कपाट, 'जावारद' म्हणजे दरवाजा, 'टगबोआ' म्हणजे आगबोट, हे हळूहळू सगळ्यांना तोंडपाठ झालं. 'लकम' म्हणजे कमल की कलम यावर नवराबायकोत जो वाद पेटला तो कधी विझला नाही. आणि 'टगबोआ' तर गल्लीचा शब्दच झाला. पायावर काही पडलं तर लोक टगबोआ म्हणायचे, कुणी थापा मारायला लागला तरी टगबोआ म्हणायचे.

रविवारी दुपारनंतर दुकानाबाहेरच्या बाकावर दुसरा खेळ चालायचा. रोजच्या बोलण्यातला एखादा वाक्प्रचार घ्यायचा आणि तो कुठून आला असेल ते आपापल्या अकलेनं सांगायचं. खरं उत्तर पुस्तकातून काढून आणणाऱ्याला बाकावर बसायला बंदी होती. ज्याच्या थापेला जास्त हशा, तो जिंकला. 'नाकी नऊ येणे' यावर शिंपी म्हणाला, एका शिंप्यानं तोंडात दहा टाचण्या धरल्या होत्या, त्याला शिंक आली, एक पडली आणि नऊ कुठे गेल्या ते विचारू नका. चष्मेवाले म्हणाले, पहिला चष्मा नाकाला नऊ ठिकाणी टोचायचा. वहिनी मागल्या खोलीतून ओरडली, सासरच्या माणसांची मोजदाद होती ती. त्या रविवारी ती जिंकली.

असं सगळं सुरळीत असताना चष्मेवाले एकाएकी ढेपाळले. वहिनी जेवताना शब्द लिहून पुढे सरकवायची, ते कागद हातात घ्यायचे, इकडून तिकडून बघायचे आणि म्हणायचे, "नाही बुवा येत." पूर्वी याच माणसानं एका शब्दापायी जेवण थंड केलं होतं. आता मुकाट उठायचे आणि सकाळी मुकाट चहा करायचे. भांडं आपटणं नाही, कुरकुर नाही, अन्याय नाही. वहिनी रोज जिंकायची आणि रोज तिला आयता, गरम, न भांडता केलेला चहा मिळायचा, आणि तो तिच्या घशाखाली उतरायचा नाही. बेकरीवाल्याचे पाव दोनदा करपले.

"लिहून नको देऊस," ते एकदा म्हणाले, "तोंडानं सांग. कानानं ऐकून सोडवण्यात खरी मजा." तिनं सांगून पाहिलं. पण तोंडानं मोडका शब्द सांगणं म्हणजे भाजलेला पापड तुकडे करून दुसऱ्याच्या हातात देणं. तिला ते रुचलं नाही. तिला वाटलं, कंटाळले. इतकी वर्षं झाली, शब्दांना कंटाळले नसतील तर शब्द देणारीला कंटाळले असतील. हे वाटणं तिनं कुणाला सांगितलं नाही. चाकावर काच धरून ती विचार करायची आणि त्या दिवसांत तिनं घासलेल्या काचा जरा जास्तच गोल व्हायच्या.

मग तिनं ठरवलं, तक्ताच बदलायचा. जुना पिवळा पडलाच होता. नवा असा करायचा की चष्मेवाल्यांची समाधी उतरेल. ते दुपारी आडवे झाले की ती मागल्या खोलीत बसून रंगवायची. अक्षरं हुबेहूब त्याच मापाची, ओळी तेवढ्याच. वर 'रगम'. हे तिनं मुद्दाम घेतलं, कारण त्यातून गरमही निघतं आणि मगरही, म्हणजे आणखी वीस वर्षांच्या वादाची सोय. मग 'नदुका', मग 'ईलाशि', आणि सर्वांत खाली, फक्त त्यांच्यासाठी, पाच बारीक अक्षरं. तक्ता त्याच खिळ्याला टांगला. गल्लीतल्या दोघाचौघांच्या लक्षात आलं तर त्यांना तिनं दम भरला, की हे कोडं त्यांचं आहे, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. शिंप्याला तेवढं काही सांगितलं नाही, कारण शिंप्याच्या पोटात जेवणसुद्धा गुपचूप राहत नसे.

आणि ती वाट बघत बसली. चष्मेवाले रोज त्या तक्त्याशेजारी काठी घेऊन उभे राहत होते आणि ब्र काढत नव्हते.

आठवडा गेला, दुसरा निघाला. वहिनीनं बोलणं कमी केलं. त्याचंही त्यांना काही वाटलेलं दिसेना, कारण त्यांचा धंदा जोरात आला होता. "गल्लीची नजर बिघडली आहे," ते जेवताना सांगायचे, "आणि गंमत म्हणजे सगळे एकच चूक करतात. साथ असावी." वहिनीनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा अगदी साळसूद. तिला वाटलं, बघितलंय, सगळं बघितलंय आणि मुद्दाम खेळवताहेत मला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण आपण होऊन विचारलं तर हरलो, म्हणून तीही गप्प.

त्या साथीची खरी हकिगत पोस्टमननं नंतर सांगितली. पोस्टमन गल्लीत नवा, माणूस सरळ. भिंतीवर जे लिहिलं होतं ते त्यानं वाचलं, "रगम." चष्मेवाले म्हणाले, चूक. त्यांनी एक भिंग घातलं. तो पुन्हा म्हणाला, "रगमच दिसतंय." अजून जाड भिंग. असं करता करता अशी पाळी आली की त्याला भिंतसुद्धा दिसेना. मग चष्मेवाल्यांनी मायेनं विचारलं, "आता लकम दिसतंय ना? आणि खाली टगबोआ?" पोस्टमन म्हणाला, "तुम्ही म्हणताय तर असेल." त्याच नंबराचा चष्मा त्याला मिळाला. तो लावून तो पहिल्याच दिवशी बेकरीच्या पायरीवरून घरंगळला आणि शिंप्याच्या दुकानातल्या कपडे घातलेल्या बाहुलीला पत्र देऊन आला. त्याच बाहुलीला त्या महिन्यात चष्मेवाल्यांनीही वहिनीच्या देखत दोनदा नमस्कार केला होता. पण शिंप्याला वाटलं थट्टा करताहेत, त्यानं बाहुलीच्या वतीनं परतही केला.

त्या रविवारी बाकावर शिंप्यानं 'कानाडोळा करणे' काढलं. बेकरीवाल्यानं काहीतरी लांबण लावली. वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "मी सांगते. एका बाईनं नवऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीतरी टांगलं होतं. तो म्हणाला, तोंडानं सांग, मी कानानं बघतो. तेव्हापासून." कुणी हसलं नाही. चष्मेवाले मात्र मान हलवून म्हणाले, "छान आहे, पण हशा नाही," आणि वहिनी आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शिंपी तक्रार घेऊन आला. सुईत दोरा जाईना झाला होता. चष्मा नको, नुसतं बघा, असं म्हणत तो खुर्चीवर टेकला. काही जुन्या गिऱ्हाइकांची खोड अशी की ती तक्त्याकडे बघायचीच नाहीत. शिंपी तर बाहीवरचे दोरे वेचत वेचत सुरू झाला, पाढे म्हणावेत तसा, "लकम. टकपा. जावारद. टगबोआ."

"अक्षर चुकलं नाही," चष्मेवाले म्हणाले. "घारीची नजर आहे तुझी. सुईतच खोट असेल."

मागल्या खोलीत वहिनीनं चाक थांबवलं. हात पुसत ती दारात आली. भिंतीवर तिचा नवा तक्ता होता, स्वच्छ, ठसठशीत. त्यावर लकम नव्हतं, टगबोआ नव्हतं. वाचणारा बघत नव्हता आणि तपासणाऱ्याला दिसत नव्हतं. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथे तर जात्यात दाणेही नव्हते. तिला हसू आलं ते अर्ध्यावरच थांबलं. तोंडानं सांग, कानानं ऐकण्यात मजा, बाहुलीला नमस्कार, नाही बुवा येत, आणि ते सगळे मुकाट केलेले चहा एका रांगेत तिच्यासमोर येऊन बसले आणि पटापट जागेवर लागले. इतका सोपा शब्द आपल्याला इतके दिवस सुटला नाही याची तिला लाज वाटली.

तिनं तक्ता खिळ्यावरून काढला, उलटा केला आणि कोरी बाजू पुढे करून टांगला. चष्मेवाल्यांच्या हातातली काठी घेतली.

"अहो, उठवा त्याला. तुम्ही बसा खुर्चीत."

"मी कशाला? मला काय धाड भरलीय?"

"बसा म्हणते ना."

ते बसले. तिनं कोऱ्या कागदावर काठी टेकवली. शिंप्यानं आता कुठे भिंतीकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. वहिनीनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं ते मिटलं.

"लकम," चष्मेवाले ताठ बसून म्हणाले, "म्हणजे कमल. टकपा. जावारद. टगबोआ. झालं?"

"अहो," ती म्हणाली, "कागद कोरा आहे."

ते हसले. मग हसणं अर्धवट टाकून उठले, भिंतीशी गेले, कागदाला नाक लावलं, त्यावरून हात फिरवला. हात बराच वेळ तिथेच राहिला.

"दिव्यात जोर नाही असं वाटायचं मला," ते भिंतीकडेच तोंड करून म्हणाले. दिवे त्यांनी तीनदा बदलले होते.

"मला सांगायचं की नाही?"

"काय सांगू? चष्मेवाल्यालाच दिसत नाही म्हटल्यावर दुकानात कोण येईल? आणि तू लिहून द्यायचीस ते सगळं धुक्यात. दिसत नाही म्हणण्यापेक्षा येत नाही म्हणणं सोपं होतं. चहा काय, डोळ्यांनी थोडाच करायचा असतो."

वहिनीनं काठी कोपऱ्यात ठेवली. या माणसाला रागवावं की जवळ घ्यावं हे तिला कळेना आणि शिंपी मध्ये उभा असल्यामुळे दोन्ही जमेना. शिंपी वेगळ्याच काळजीत होता. "म्हणजे," तो हळूच म्हणाला, "माझी नजर घारीची नाही?"

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाला, इतका पिकेपर्यंत थांबलात कशाला, काय करता तुम्ही? चष्मेवाले म्हणाले, "किराणा." वहिनीनं छताकडे पाहिलं. आधी एक डोळा झाला, मग दुसरा. तोवर दुकानात वहिनी बसली. साथीत सापडलेल्यांना तिनं बोलावून बोलावून चष्मे परत घेतले. पोस्टमननं चष्मा काढला, भिंतीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "वहिनी, रगमच होतं ना?" ती म्हणाली, "रगमच होतं भाऊ." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शिंप्याला चष्मा लागला. तो लावून तो दुकानात गेला, आपण शिवलेला शर्ट उजेडात धरला आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

दुसरी पट्टी निघाल्यावर दोन दिवसांनी चष्मेवाले दुकानात आले. आल्या आल्या त्यांनी बाहुलीकडे बघून न बघितल्यासारखं केलं. वहिनीनं त्यांना खुर्चीत बसवलं. तक्ता सुलटा होता. ती काठी घेऊन उभी राहिली. दिसेल, पण सोडवतील का? का हा माणूस पुन्हा म्हणेल, नाही बुवा येत?

"रगम," ते म्हणाले. "मगर."

"गरम," ती म्हणाली.

"मगर. नदुका, दुकान. ईलाशि, शिलाई." ते खालच्या ओळीशी थांबले. पुढे वाकले. ओठ हलायला लागले.

"हाचतुचाम," त्यांनी वाचलं. मग तोंडातल्या तोंडात अक्षरं फिरवली, बोटांनी हवेत इकडची तिकडे केली, आणि एकदम खुर्चीतून उठले. "चहा तुमचा! हे चालणार नाही. दोन शब्द आहेत. दोन शब्द जोडायचे नाहीत असं ठरलंय आपलं."

"ते जेवतानाच्या कोड्याला. भिंतीच्या कोड्याला नियम नाही."

"नियम तो नियम. म्हणजे तू हरलीस."

"तुम्हाला सोडवायला तीन महिने लागले."

"मला दिसत नव्हतं."

"ते तुम्ही सांगितलं नव्हतं. तेही नियमाबाहेरच."

हा वाद दुकान बंद होईपर्यंत चालला, जेवताना चालला, दिवा मालवल्यावरही चालला. सकाळी चहा कुणीच केला नाही. दोघं अंथरुणात पडल्या पडल्या एकमेकांना नियम ऐकवत होती, आणि समोर बेकरीवाल्यानं कान टवकारले, हसला, आणि भट्टीतून पाव काढले. अगदी वेळेवर.